वाढलेला वाडगा

आमच्या घरात काच कधी फुटली नाही. ती वाढायची. आईचं माहेर बार्शीच्या कासार आळीतलं, आणि कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. नारळ वाढवतात, तशी बांगडी वाढते. फुटण्याचा शब्द तोंडातून गेला की तो कुणाच्या तरी कपाळावर जाऊन बसतो, असं आजोळी मानत. आईनं हा नियम बांगड्यांपुरता ठेवला नव्हता. कंदिलाची काच, कपबशी, एकदा तर डॉक्टरांचा थर्मामीटर, सगळं आमच्याकडे वाढलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रयोगशाळेची काचेची भांडी करणाऱ्या कंपनीत होते. ते हसून म्हणायचे, "तुझ्या आईच्या बोलीत सांगायचं, तर आमच्या कंपनीत रोज टोपलीभर माल वाढतोय." पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा मुलांच्या हातून चंचुपात्र निसटलं की माझ्याही तोंडून "अगं बाई, वाढलं" असंच निघे, आणि अख्खा वर्ग हसे. पण या एका शब्दानं एकदा आमच्या घरात काय घडवलं, ते मी त्या मुलांना कधी सांगितलं नाही. ते इथे लिहून ठेवते.

बारावीपर्यंत मी बार्शीला मामाकडे वाढले. आमच्या घरात कॉलेजचं दार कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी आईला पत्र लिहिलं, मुलीला थांबवू नका, आणि त्या एका पत्राच्या जोरावर मी पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्याजवळ कासारवाडीला, आईअण्णांकडे आले. तोवर अण्णा मला सुट्टीपुरतेच माहीत होते. रेल्वेरुळांच्या बाजूला दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचा ओटा. आईनं म्हणे गावाचं नाव ऐकूनच ही जागा पसंत केली. "कासारवाडी म्हणल्यावर आपलीच माणसं असतील की," म्हणाली होती. शेजारी निघाले एकीकडे रत्नागिरीचे आणि दुसरीकडे परभणीचे. पण तिनं ओट्यावर बांगड्यांच्या माळा टांगल्या आणि महिन्याभरात गल्लीतल्या बायका तिच्यापुढे हात देऊन बसू लागल्या.

त्या घराचे आवाज मला अजून झोपेत ऐकू येतात. पहाटे लोणावळ्याची लोकल गेली की मडकी एकमेकींना हलकेच लागत. मग कंपन्यांचे भोंगे, एक लांबचा, एक जवळचा. मग आईची भाकरी थापण्याची थपथप, आणि तिच्याच हातातल्या बांगड्यांची किणकिण. शेंगांची चटणी ती बार्शीसारखी उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. दुपारी ओट्यावर ऊन येई आणि टांगलेल्या माळांमधून हिरवे, लाल, पिवळे कवडसे भिंतीवर पडत. मी पुस्तक घेऊन त्या कवडशांत बसे. समोर आई कुणाच्या तरी मुठीवर हात ठेवून, बोटांची पेरं हळूहळू दाबत, तिला सासरचं काहीबाही विचारत बांगडी चढवत असे. बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असे आणि त्या बाईला कळलेलंही नसे. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे रस्त्यावर पडू द्यायचे नाहीत, ते आई एका डालड्याच्या डब्यात जमवी आणि वर्षातून एकदा नदीला नेऊन सोडी.

अण्णा कंपनीत बर्नरसमोर बसून काचेच्या नळीला आकार द्यायचे. निळ्या ज्योतीत नळी धरायची, दोन्ही हातांनी सारख्या गतीनं फिरवत राहायची, मऊ झाली की फुंकायची. फिरवणं थांबलं की काच एका अंगाला ओघळते. त्यामुळे त्यांच्या बोटांना फिरवण्याची सवयच लागली होती. चहाचा पेला फिरवत, पेन्सिल फिरवत, भाकरीचा तुकडासुद्धा तोंडात घालण्याआधी एकदा फिरवत. गोल बुडाचा चंबू ते ड्रॉइंगप्रमाणे असा काढत, की दहा चंबू ओळीनं ठेवले तर पहिला कुठला आणि दहावा कुठला ते सांगता येत नसे. तोच त्यांचा अभिमान होता. मी आले त्याच वर्षी कंपनीनं तो विभाग बंद केला. तयार माल बाहेरून येऊ लागला, आणि अण्णांना पॅकिंगला टाकलं. पगार तोच, शिफ्ट तीच. ते खोक्यांत पेंढा भरत. घरी त्यांच्या हातात पेला स्थिर राहू लागला. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं. ती एकदा चुलीशी बसल्या बसल्या म्हणाली, "तुझ्या बापाचे हात गप झालेत गं सुमे."

अशा दिवसांत वसुधाताई आल्या. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, केस आखूड कापलेले. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे ओट्यापर्यंत आली. ताईंनी आईला नमस्कार केला आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडे फुटक्या बांगड्या मिळतील?"

आईनं हातातली माळ खाली ठेवली. "बाई, सवाष्णीच्या दारात येऊन हे काय बोलणं? वाढलेल्या म्हणावं."

"चुकलं माझं. वाढलेल्या. मिळतील?"

"कशाला पाहिजेत? करणी-बिरणीला तर न्हाई ना?"

ताई इतक्या मोठ्यानं हसल्या की आत झोपलेले अण्णा उठून बाहेर आले. गुरुवार होता. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे गुरुवार हाच आमचा रविवार. ताईंनी सांगितलं, चिखलीत एका गोठ्यात त्यांनी काच वितळवायची भट्टी बांधलीय, आणि रंगासाठी त्यांना बांगड्यांचे तुकडे हवेत. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. "कुठली काच वितळवता?" त्यांनी विचारलं. "खिडक्यांची, भंगारातली." "फुंकतं कोण?" "मीच. पण माझा दम पुरत नाही हो काका." अण्णांनी दाराला अडकवलेला सदरा काढला, घातला, आणि चपला शोधू लागले. आई बघतच राहिली.

चिखली तेव्हा शेतांची होती. आता तिथे माझ्या नातवाचा क्लास पाचव्या मजल्यावर आहे, आणि खिडकीतून दुसऱ्या खिडक्याच दिसतात. तेव्हा ज्वारीच्या पट्ट्यांमध्ये एखाद-दुसरी पत्र्याची शेड, एखादा लेथ घरघरतोय, आणि मध्ये तात्यांचा गोठा. तात्या म्हणजे त्या जागेचे मालक, गावचे जुने शेतकरी. म्हशी विकून टाकल्या होत्या आणि गोठा ताईंना दिला होता. गव्हाणीच्या जागी विटांची घुमटी, तिला डिझेलचा बर्नर, आणि घुमटीच्या तोंडातून दिसणारा तो रंग. मी तोवर विस्तव पाहिला होता, पण उजेडच वितळून पडलाय असं काही पाहिलं नव्हतं. ताई लांब लोखंडी नळी, फुंकणी म्हणायच्या तिला, आत घालून फिरवत आणि टोकाला मधासारखा गोळा घेऊन बाहेर येत. तात्या खाटेवरून म्हणाले, "काकवी हाय व्हय गं पोरी? आमच्या गुऱ्हाळात अशीच निघायची. फरक इतकाच, ती खाता यायची."

अण्णांनी फुंकणी हातात घेतली आणि पहिला गोळा जमिनीवर पडला. दुसराही. बर्नरची काच नळीच्या रूपात हातात येते, ही मात्र पातळ, जड, आपल्याच मर्जीची. पन्नाशीचा कसबी माणूस घामानं निथळत पुन्हा शिकाऊ झाला होता. "राव, तुमी कंपनीत खरंच काच करायचा, का नुसता चहा?" तात्यांनी विचारलं. अण्णांनी घाम पुसून फुंकणी पुन्हा भट्टीत घातली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी दिसलं. त्यानंतर दर गुरुवारी आम्ही दोघं सायकलवर चिखलीला जायचो, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर आईनं बांधून दिलेली भाकरी. तिसऱ्या गुरुवारी गोळा फुंकणीवर टिकला. अण्णांनी फुंकला, फिरवला, फुगवला, आणि ताई टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या.

"काका, हा तर चंबू झाला."

पुढचाही चंबू झाला. पुढच्या गुरुवारचाही. नितळ, गोल, लांब मानेचा, कुठल्याही प्रयोगशाळेत खपेल असा. अण्णा विचारत, "ड्रॉइंग कुठाय?" ताई म्हणत, "ड्रॉइंग नाही काका, तुम्हाला वाटेल ते करा." अण्णा बुचकळ्यात पडत. वाटेल ते म्हणजे किती मिलिमीटर, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

एकदा भाकरी खाताना ताईंनी त्यांना या कलेची गोष्ट सांगितली. परदेशात वर्षभर राहून त्या ती शिकून आल्या होत्या. काच पूर्वी कारखान्यातच होई, त्या म्हणाल्या, चित्र काढणारा वेगळा, फुंकणारा वेगळा. एकट्या कलावंताला भट्टी झेपत नाही, असंच सगळे धरून चालले होते. मग अमेरिकेत काही जणांनी ठरवलं की कुंभाराला त्याचं चाक असतं तशी आपल्याला आपली लहान भट्टी हवी. एका गॅरेजमध्ये त्यांनी ती बांधली. पहिली काच नीट वितळेना. मग काचतंतू करण्यासाठी बनवलेल्या काचेच्या गोट्या कुणीतरी आणून दिल्या, त्या वितळल्या.

"गोट्या?" तात्या म्हणाले. "पोरांच्या खेळातल्या?"

"तसल्याच दिसायच्या. पण तात्या, काच वितळली तरी फुंकता कुणाला येतंय? सगळे शिकलेले लोक. तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेला एक कारागीर आला आणि त्यानं फुंकणी हातात घेऊन दाखवलं, असं फुंकायचं."

अण्णांचा घास हातातच राहिला. "नाव काय त्याचं?"

ताईंनी आठवून पाहिलं. "बाकीच्यांची आठवतात. त्याचं नाही आठवत हो. कुठेतरी लिहिलेलं असेल."

"असेल," अण्णा म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. ताईंना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्या मागोमाग गेल्या. पुढच्या महिन्यात पुण्यात तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. त्यात अण्णांनी स्वतःचा एक नग ठेवावा, त्यांच्या नावानं, छापील यादीत नाव घालून, असं त्यांनी सांगितलं. "पण चंबू चालणार नाही काका. तुमचं काहीतरी पाहिजे." बावीस वर्षं अण्णांच्या हातून निघालेल्या प्रत्येक भांड्यावर कंपनीचा शिक्का पडला होता. घरी आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "नाव छापणारेत." आईनं विचारलं, "कशावर?" तर म्हणाले, "तेच तर अजून ठरत न्हाई."

ठरलं ते चुकून. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी आईनं डालड्याचा डबा स्वतःहून पुढे केला. "नदीला घालते त्यापरीस तुमच्या भट्टीत घाला. बायकांच्या हातावरची काच हाय, जपून." अण्णांनी गरम गोळा त्यातल्या हिरव्या तुकड्यांवरून लोळवला, पुन्हा तापवला, फुंकला, तोंड रुंद केलं. त्याच वेळी तात्यांनी हाक मारली, "उस्ताद, चहा झालाय, येताय का थंड करू?" अण्णांनी मान वळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे हात तापल्या काचेवर थांबले. क्षणभरच. वाडग्याची एक कड ओघळली, झोपेत मान कलावी तशी. अण्णा ती सावरायला निघाले, पण ताई ओरडल्या, "राहू द्या!" आम्ही सगळे बघत राहिलो. हिरव्या रेघा त्या कलत्या कडेकडे वाहत गेल्या होत्या. तो चंबू नव्हता. तो कशासारखाच नव्हता.

तापलेली काच एकदम हवेत ठेवली तर तडकते. म्हणून भट्टीशेजारी दुसरी लहान भट्टी असे, तिच्यात वस्तू ठेवून तोंड मातीनं लिंपायचं आणि तीन दिवस सावकाश निवू द्यायचं. वाडगा कसा निघतो ते सोमवारपर्यंत कळवा, मग यादी छापायला देते, असं सांगून वसुधाताई प्रदर्शनाच्या तयारीला पुण्याला गेल्या. रविवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर अण्णा थेट चिखलीला आले, मी कॉलेजच्या सुट्टीमुळे आधीच तिथे होते. लिंपण काढलं. वाडगा अखंड होता. अण्णांनी तो दोन्ही हातांत उचलला आणि मी लगेच माझ्या पिशवीतून पोलरॉइडचे, म्हणजे उजेड गाळणाऱ्या काळपट पातळ पट्टीचे, दोन चौकोन काढले. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतले जुने, कडा खरवडलेले तुकडे मला दिले होते. दोन्हींच्या मध्ये काच धरून उजेडाकडे बघायचं, एवढं मला कळलं होतं. मी एक वाडग्यामागे दाराच्या उजेडात धरला, दुसरा डोळ्यांपुढे आडवा केला. हिरव्या रेघांच्या काठाकाठानं जांभळे, निळे, केशरी पट्टे उमटले होते, मोराच्या मानेवर असतात तसे. काचेत असं काही असतं आणि ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं, असंच मला वाटलं.

"अण्णा, बघा ना! किती रंग!"

अण्णांनी चौकोन घेतला, पाहिलं, आणि तो हळूच मला परत दिला. वाडगा फडताळावर ठेवून त्यांनी हात पुसले.

"कंपनीत हे बघायचं यंत्र होतं," ते म्हणाले. "जिथं रंग दिसतो तिथं काच ओढलेली असते. ही खिडकीची काच, ती बांगडीची. तापताना दोघी एक झाल्या, निवताना एक जास्त आवळली. सोयरीक जुळली न्हाई, सुमे. हा राहायचा न्हाई."

"पण अखंड आहे की."

"आज हाय."

इतकी वर्षं झाली, मुलांना शिकवताना मी प्लास्टिकची पट्टी दोन पोलरॉइडमध्ये धरून तेच रंग दाखवायची. मुलं आनंदानं ओरडत. मीही ओरडले होते, म्हणून त्यांना कधी गप्प केलं नाही.

सोमवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी गोठ्यात वाचत बसले होते. तात्या खाटेवर पेंगत होते. फडताळावरून एकच आवाज आला, बारीक, देवघरातल्या घंटेसारखा. कुणी हात लावला नव्हता. वाडग्याच्या काठापासून तळापर्यंत, अगदी हिरव्या रेघेवरून, चीर गेली होती, आणि मी उचलायला गेले तेव्हा त्याचे दोन भाग झाले. तात्या उठून बसले. म्हणाले, "पोरी, पैलं बाईला कळव. न्हायतर नाव छापून बसतील आन् उस्तादांची फजिती व्हईल."

मी नाक्यावरच्या किराणा दुकानातून फोन केला. ताई नव्हत्या, प्रदर्शनाच्या दालनाच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी उचलला. मागे दळणाच्या चक्कीची घरघर. मला फुटला म्हणता येईना. अण्णांच्या वाडग्याला तो शब्द लावायला माझी जीभ वळेना.

"वसुधाताईंना निरोप द्या. चिखलीचा वाडगा वाढला."

"काय? वाडगा वाढला?"

"हो. एकच होता. तो वाढला."

"बरं बरं, वाढवला. कुणाचा हा?"

"माझ्या वडिलांचा. गणपत कासार."

"गणपत कासार. वाढवला बघा. काळजी करू नका."

मी रिसीव्हर ठेवला आणि मला त्या गृहस्थांबद्दल फार आदर वाटला. पुण्याची माणसं बोलायला किती जपतात, त्यांनीही फुटला म्हटलं नाही. अण्णांना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि लवकर आडवे झाले. आईनं दोन्ही भाग पदरात घेतले आणि तिच्या डब्यात ठेवून दिले.

बुधवारी ताई हसतच ओट्यावर आल्या आणि छापील यादी अण्णांच्या हातात दिली. यादीच्या शेवटी, एका ओळीत: वाडगा, फुंकलेली काच, गणपत कासार. अण्णांनी ती ओळ वाचली. मग आईला दाखवली. आईला वाचता येत नव्हतं, तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "काका, तुमचा नग यादीत जाणार याची मला खात्रीच होती," ताई म्हणाल्या. "ऑफिसात निरोप लिहून ठेवला होता, चिखलीचा एक वाडगा वाढवा. लगेच यादीत घातला. कुठाय तो?"

मग आईच उठली, डबा आणला आणि ताईंपुढे उघडला. ताईंनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. "अगं सुमन, तू फोनवर काय म्हणालीस?" मी सांगितलं. त्या कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. अण्णांकडे बघायची हिंमत होईना. आई मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली. "मग काय फुटला म्हणायचं होतं पोरीनं? स्वतःच्या बापाच्या वाडग्याला?"

"मावशी, पण शनिवारी उद्घाटन आहे!" ताई म्हणाल्या. "काका, उद्या गुरुवार. उद्या दुसरा करा. शुक्रवारी संध्याकाळी काढू."

"एका दिवसात?"

"घाईनं निववू. कधी कधी टिकतं."

अण्णांनी मान हलवली. "तापलेलं माणूस आन् तापलेली काच, फुंकर मारून निवत न्हाई ताई. तीन दिवस लागतात. रविवारी निघंल."

"प्रदर्शन सोमवारी संपतंय. मग नावावर पट्टी चिकटवावी लागेल."

मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील चिकटवा, कशाला लोकांना त्रास. आयुष्यभर ते असंच म्हणत आले होते. त्यांनी यादीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"नाव राहू द्या," ते म्हणाले. "जागापण राहू द्या. वाडगा येईल."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बांगडीचा एकही तुकडा घेतला नाही. खिडकीची साधी काच, तीच आत, तीच बाहेर. या वेळी तात्यांनी हाक मारली नाही. ते खाटेवर तोंडाला उपरणं लावून बसले होते. तोंड रुंद झाल्यावर अण्णांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मुद्दाम, स्वतःच्या मर्जीनं, हात थांबवले. काच ओघळू लागली. किती ओघळू द्यायची ते सांगणारं ड्रॉइंग नव्हतं. माझ्या मनात मोजणं चालू होतं, त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. मग त्यांनी पुन्हा फिरवायला सुरुवात केली. आत ठेवून तोंड लिंपताना त्यांनी माती स्वतःच्या हातानं चोपडली, आई घर सारवते तशी.

शनिवारी मी ताईंना मदत करायला पुण्याला गेले. पांढऱ्या ठोकळ्यांवर निळ्या, तांबड्या काचा ठेवलेल्या, आणि कोपऱ्यातला एक ठोकळा रिकामा, वर अण्णांच्या नावाची चिठ्ठी. लोक येत, चिठ्ठी वाचत, ठोकळ्याच्या मागे-पुढे बघत. एक जण दुसऱ्याला समजावत होता की रिकामेपण हीच कलाकृती आहे. मी मान खाली घातली. दोन दिवस तो ठोकळा तसाच राहिला.

रविवारी लिंपण काढलं. मी पोलरॉइडचे चौकोन धरले, वाडगा फिरवून फिरवून पाहिला. काही दिसलं नाही. काळोखच काळोख, एकही रंग नाही. मी अण्णांच्या हातात चौकोन दिले, त्यांनीही पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून मोठा निःश्वास सुटला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर वाडगा पाण्यासारखा होता. फक्त कडेनं बघितलं की तिथे हिरवा रंग साठलेला दिसे, जुन्या विहिरीच्या तळाशी असतो तसा. तो आम्ही घातलेला नव्हता, त्या साध्या काचेतच होता.

सोमवारी अण्णांनी रजा टाकली. गर्दीत वाडगा न्यायला नको म्हणून त्यांनी आणि मी दुपारची लोकल धरली, डबा जवळजवळ रिकामा होता, आणि आईच्या गोधडीत गुंडाळलेला वाडगा मी शिवाजीनगरपर्यंत मांडीवर धरून होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दालनात पोचलो तेव्हा शेवटचे दोन तास उरले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं वाडगा ठोकळ्यावर ठेवला, थोडा वळवला, कलती कड दाराकडे केली. मग भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

बरेच लोक नुसते पुढून गेले. मग एक नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाई आल्या, बहुतेक कुणाला तरी शोधत. वाडग्यापाशी थबकल्या. वाकून बघितलं, कडेनं बघितलं. बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. अण्णांना त्या तिथले नोकर समजल्या असाव्यात.

"चांगलाय हो," त्या म्हणाल्या. "कुठल्या कंपनीचा?"

अण्णा भिंतीपासून पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला.

"कंपनीचा न्हाई, मावशी," ते म्हणाले. "माझा हाय."